मला परत बोलावलं होतं

मी एक बस बोलतेय. पांढरी, निळ्या पट्ट्याची, एकोणचाळीस सीटांची. आता मागच्या अर्ध्या भागात ना पट्टा उरलाय, ना सीटा. कोराडी रोडच्या कडेला एका आवारात चौकशीसाठी मला आणून ठेवलंय. येणारेजाणारे मोबाइलवर माझा फोटो काढतात आणि पुढे जातात. मी पेट घेतला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी किती दिवस मी घाबरत होते, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. इंजिन मागे, सीटा मऊ, खिडक्यांना मोठ्या काचा. मी घडले त्या चार महिन्यांत तिथे बनलेल्या आम्हा सगळ्या बहिणींमध्ये एक चूक राहून गेली. डिझेलची एक नळी इंजिनाच्या सर्वांत तापणाऱ्या भागापासून जेमतेम दोन बोटांवरून नेलेली होती आणि तिला धरून ठेवणारी पट्टी कमजोर होती. ज्याने ती बसवली, तो मन लावून काम करणारा माणूस होता. त्याला नकाशात दाखवलं होतं तशीच त्याने बसवली.

पहिल्या मालकाकडे मी तीन वर्षं धावले. मग नागपूरच्या कृष्णकांतने मला विकत घेतलं. मी इकडे आल्यावर कंपनीचं पत्र निघालं. या महिन्यांत बनलेल्या बस परत आणा, नळी फुकट बदलून देऊ, तोवर जपून चालवा. पत्र गेलं जुन्या मालकाच्या पत्त्यावर. त्याने त्याचा फोटो कृष्णकांतला पाठवला. कृष्णकांतने तो पाहिला आणि मोबाइल खिशात ठेवला.

माझं काम ठरलेलं होतं. सकाळी कोराडीच्या कॉलनीतून माणसं घ्यायची, नागपुरात सदरला सोडायची, संध्याकाळी परत आणायची. ड्रायव्हर होता लहानू, नरखेड तालुक्यातला, पन्नाशीचा. गावची संत्र्याची बाग भावाकडे सोपवून तो स्टिअरिंगवर बसला होता. माझा गिअर तो हळूच टाकायचा, जणू मला दुखेल.

मागच्या शेवटच्या सीटवर वंदनाताई बसायच्या. सदरमध्ये एका विम्याच्या ऑफिसात त्या कामाला होत्या. त्यांच्या शेजारी दरवाजा होता आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’. त्याच मार्गात कृष्णकांतने एक जास्तीची सीट ठोकून घेतली होती.

आठवड्यातून तीन दिवस चंपतरावकाका आणि गोपिकाकाकू यायचे. काका वीज केंद्रातून निवृत्त झालेले. काकूंच्या किडन्या निकामी झाल्या होत्या, डायलिसिसला जावं लागे. पायऱ्या चढताना त्या दर पायरीला थांबायच्या. उतरायला त्यांना चांगली दोन मिनिटं लागत. सगळे मुकाट्याने मागे उभे राहत.

उन्हाळा लागला तसा मला नळीचा थरथराट जाणवू लागला. खड्ड्यातून गेलं की ती तापलेल्या लोखंडाला टेकायची आणि मागे सरकायची. एक दिवस ती ओलसर झाली. वास पहिल्यांदा वंदनाताईंना आला.

“लहानूभाऊ, मागे डिझेलचा वास येऊन राहिला.”

“मलेही आला, ताई. मालकाले सांगतो.”

कृष्णकांतने जितेंद्र मिस्त्रीला पाठवलं. जितेंद्रने खाली वाकून पाहिलं, नळीला तारेचे दोन वेढे दिले. “नवीन पट्टी कंपनीतूनच येते,” तो म्हणाला, “ही तार किती दिवस टिकन, मी सांगू शकत नाही.” त्या तारेवर माझा जीव टांगलेला होता. माझा म्हणजे आत बसणाऱ्या सगळ्यांचा.

मग ती बातमी आली. दुसऱ्या जिल्ह्यात हायवेवर एक बस जळाली. वंदनाताईंनी मोबाइलवरचा फोटो लहानूला दाखवला, तेव्हा मोबाइल माझ्या आरशासमोर धरलेला होता. मीही पाहिला. पांढरा रंग, निळा पट्टा. ती माझी बहीण होती. मागच्या दरवाजाशी नेमकं काय झालं होतं, ते वंदनाताईंनी वाचायला घेतलं आणि मध्येच थांबल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कॉलनीच्या गेटवर उतरल्यावर त्यांनी एक चिठ्ठी काढली. कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांचे चेसिस नंबर त्यांनी शोधून काढले होते. कितीपासून कितीपर्यंत, ते लिहून आणलं होतं.

“आपला पाहता का?”

लहानू माझ्या पुढच्या उजव्या चाकाशी बसला. फडक्याने चौकटीवर कोरलेल्या नंबरावरची वीज केंद्राची राख आणि माती पुसली. एकेक आकडा तो मोठ्याने वाचत गेला, ताई चिठ्ठीवर बोट फिरवत गेल्या. शेवटचे तीन आकडेही चिठ्ठीवरच्या दोन नंबरांच्या मधलेच निघाले. लहानूचा हात माझ्या चौकटीवरच होता.

त्याने तिथूनच कृष्णकांतला फोन लावला. “मालक, गाडी उभी करतो मी.”

पलीकडून कृष्णकांत समजावत राहिला. कंपनीच्या वर्कशॉपची तारीख घेतली आहे, पुढच्या महिन्याची बारा. दुसरी बस आधीच कामाला लागलेली आहे. हळू चालव, एसी लावू नको, इतक्या दिवसांत काय झालं? तो वाईट माणूस नव्हता. त्याला ती आग दिसत नव्हती, एवढंच.

“मी उद्या गाडी काढणार नाही,” लहानू कॉलनीच्या गेटवर म्हणाला. सगळे ऐकत होते. चंपतरावकाका पुढे आले.

“उद्या हिचा डायलिसिस आहे गा. परवाचा चुकला तर पाय सुजले, श्वास लागला. रिक्षात हिले बसवत नाही. उद्याचा दिवस ने. मंग मी मुलाले बोलावतो.”

“काका, तुमाले समजते का, कोणती गाडी आहे ही?”

“समजते. पण हिचंही समजते नं मले.”

गोपिकाकाकू ओट्यावर बसल्या होत्या. “माझ्यापायी कोणाचा जीव नका घालू बापा,” त्या म्हणाल्या.

“उद्याचा एकच दिवस,” लहानू म्हणाला. मग त्याने पाना काढला आणि मागच्या दरवाजासमोरची ती जास्तीची सीट उखडून बाहेर ठेवली. दरवाजाची कडी गंजलेली होती. तिला तेल देऊन त्याने ती दहा वेळा उघडली आणि लावली. आग विझवायचा लाल सिलिंडर बदलून आणला.

सकाळी त्याने सगळ्यांना खाली उतरवून पुन्हा चढवलं. काकूंना पहिल्या सीटवर बसवलं, त्यांना उचलून उतरवायला दोन जण नेमले. “आता मी हाक मारन तसं उतरा. पिशव्या आतच.” काही जण कुरकुरले. उशीर होतो म्हणाले. पहिल्यांदा तीन मिनिटं लागली. दुसऱ्यांदा दोनच्या आत. तेव्हा लहानू निघाला.

मी इतकी घाबरून कधी धावले नव्हते. प्रत्येक खड्डा मला लांबून दिसत होता. लहानू चाळीसच्या वर गेला नाही. वंदनाताई मागे तोंड करून बसल्या होत्या, एक हात कडीवर. मानकापूर जवळ आलं. पुढे कोळशाचा ट्रक थांबला, लहानूने ब्रेक दाबला आणि माझ्या आत ती तार तुटली.

नळी सुटली. डिझेल लाल झालेल्या लोखंडावर पडलं.

“धूर,” वंदनाताई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. तेवढ्यानेच सगळे उठले.

लहानूने मला कडेला घेतलं, इंजिन बंद केलं, पुढचं दार उघडलं. काकूंना दोघांनी खुर्चीसारखं उचलून उतरवलं. मागे ताईंनी कडी ओढली आणि दरवाजा उघडला. माणसं दोन्हीकडून बाहेर पडली. लाल सिलिंडरला न जुमानता आग माझ्या पाठीवरून छताकडे चढत होती. मला ती अडवता येत नव्हती. मी फक्त दारं उघडी ठेवून उभी होते.

लहानूने डोकी मोजली. एकोणतीस हवी होती. अठ्ठावीस भरली.

चंपतरावकाका परत आत शिरले होते. काकूंची दवाखान्याची फाइल सीटखाली राहिली होती. काळ्या धुरात ते गुडघ्यांवर बसून हाताने चाचपत होते आणि खोकत होते. लहानू वाकून आत आला. “फाइल सोडा, काका.” काका सोडत नव्हते. लहानूने आधारासाठी वरची दांडी धरली, ती तापून निखारा झालेली होती. त्याच्या तळहाताची कातडी माझ्या दांडीला चिकटून राहिली. दुसऱ्या हाताने त्याने काकांना कॉलरला धरून बाहेर ओढलं. फाइल काकांच्या छातीशी होती.

एका गाडीवाल्याने काकूंना दवाखान्यात पोचवलं. डायलिसिस उशिरा का होईना, झाला. एकोणतीस माणसं जिवंत राहिली. कृष्णकांत आला तेव्हा रस्त्याच्या कडेला खाली बसला. कंपनीच्या पत्राचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये अजूनही होता. पोलिसांनी तो पाहायला मागितला, तेव्हा त्याला तो लवकर सापडेना.

आता मी इथे आहे. मला आगीची भीती उरलेली नाही, जळायचं ते जळून गेलं. भीती आहे ती माझ्या बहिणींची. त्या अजून धावत आहेत. तुम्ही बसमध्ये चढाल तेव्हा मागचा दरवाजा उघडतो का, एवढं पाहा. त्याच्यासमोर सीट असेल तर विचारा. गाडीला कंपनीने परत बोलावलंय का, हेही विचारा. लोक हसतील. हसू द्या.

काल सकाळी लहानू इथे आला होता, सोबत वंदनाताई. चौकशी करणाऱ्या साहेबांना जबाब द्यायचा होता. त्याच्या उजव्या हाताला अजून पट्टी आहे. डाव्या हाताने तो वाकडीतिकडी सही करत होता, तेवढ्यात रस्त्यावरून एक आवाज आला. इंजिनाचा तो आवाज मी झोपेतही ओळखेन. पांढरी, निळ्या पट्ट्याची. खिडक्यांत फेटे आणि नव्या साड्या दिसत होत्या. लग्नाचं वऱ्हाड कुठेतरी निघालं होतं.

मला ओरडता येत नाही. पण लहानूने मान वर केली.

पेन तिथेच टाकून तो धावला. ताई मागून हाक मारत होत्या, तो थांबला नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन त्याने पट्टी बांधलेला हात वर केला. बसने हॉर्न वाजवला. तो हलला नाही. ती हातभर अंतरावर येऊन थांबली. ड्रायव्हर चिडून खाली उतरला.

“भाऊ,” लहानू म्हणाला. त्याला दम लागला होता. “पयले लोकाइले खाली उतरव. मंग मले पाहिजे तितक्या शिव्या दे.”

ड्रायव्हरने त्याच्या हाताकडे पाहिलं. मग आवारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. तो वळला आणि त्याने दार उघडलं.