साखरपाणी

खिळ्याला काहीच टांगलेलं नव्हतं, तरी तो पक्षी त्याच्यासमोर हवेत थांबला होता. लव्हॉनने विसळत असलेली बशी तशीच हातात धरून खिडकीतून पाहिलं. अंगठ्याएवढा हमिंगबर्ड, गळा लालभडक. जरा मागे सरला, पुन्हा पुढे आला, गेल्या वर्षी साखरपाण्याची बाटली जिथे असायची बरोबर तिथे चोच नेली आणि कुंपणापलीकडे निघून गेला.

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. ओहायोत ते ह्याच सुमाराला येतात. पण दक्षिणेत, लुइझियानात, ते महिनाभर आधी पोचायचे आणि तिथून थोरल्या बहिणीचा, नेडीनचा, फोन यायचा. "आले गं," एवढंच ती म्हणायची. मग लव्हॉन तळघरातून बाटली काढून घासून ठेवायची. चोवीस वर्षं असं चाललं. या फेब्रुवारीत नेडीन गेली, आणि बाटली तळघरातच राहिली.

दफनाला सगळे रडले, लव्हॉन रडली नाही. एकतीस वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घातल्या होत्या. तशाच बहिणीच्या कपड्यांच्या घड्या घालून खोकी भरली, चिकटपट्ट्या लावल्या आणि परत आली. नेडीनचा नवरा रॉयस निघताना म्हणाला होता, बरंय बाई, तुला काही होत नाही. त्यानंतर दोघांचं बोलणं नव्हतं.

तिने बाटली आणून घासली. पाणी उकळलं, साखर विरघळवली आणि ते निवेपर्यंत टेबलाशी बसून राहिली. आपल्याला काही वाटतंय का, हे तिने जरा चाचपून पाहिलं. काही वाटत नव्हतं. बाटली टांगून ती आत आली, तर फोन वाजत होता.

रॉयस होता. हवेचं बोलला, गुडघ्याचं बोलला.

"साखर किती घालायची गं?" त्याने विचारलं.

"कशात?"

"त्या पाखरांच्या पाण्यात. मार्चपासून येतायत. चोच लावतात नि तशीच जातात. मी आपलं अंदाजानं केलं होतं. ती काही लिहून नाही गेली."

"एक कप साखरेला चार कप पाणी."

"थांब, लिहून घेतो." त्याची पेन्सिल कागदावर सावकाश चालल्याचं ऐकू आलं. "लाल रंग घालायचा?"

"नको. ती कधी घालायची नाही."

"बरं. मग?"

"उकळायचं. गार होऊ द्यायचं."

"मग?"

"मग टांगायचं, रॉयस. आणि दोन दिवसांनी ओतून नवं करायचं."

"दर दोन दिवसांनी?"

"हो. तुमच्याकडे उकाडा असतो."

त्याने तेही लिहिलं. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी फोन कोणीच ठेवला नाही. पलीकडे नळ सुटला. तो कप भरून भरून पातेल्यात ओतत होता आणि मोजत होता. एक म्हणाला. दोन म्हणाला. तीन म्हणाला आणि तिथेच थांबला. नळ नुसताच वाहत राहिला.

"चार," लव्हॉन म्हणाली.