चौथी केबिन

"मॅडम, बाळ किती महिन्यांचं आहे?"

उत्तरा रिसबूड वर्तकनगरच्या घरात मेथी निवडत बसली होती. शनिवारची संध्याकाळ होती. फोनवरचा आवाज अनोळखी, तरुण आणि भलताच आदबशीर होता. राँग नंबर असणार, असं तिला वाटलं.

"कुणाचं बाळ?"

"तुमचं. लिस्टमध्ये आहे ना, उत्तरा बाळ. पाळणा लागेल का, ते विचारायला फोन केला. लाकडी आहे आमच्याकडे एक. आधी सांगितलंत तर पुसून ठेवतो."

उत्तराने मेथीची जुडी खाली ठेवली. बाळ हे तिच्या नवऱ्याचं नाव. बाळकृष्ण वगैरे काही नाही, शाळेच्या दाखल्यावरसुद्धा नुसतं बाळ. पाच मुलांनंतर सासूबाईंना नाव शोधायचा कंटाळा आला असणार, असं ती त्याला चिडवायची. उंची सहा फूट, वजन ऐंशीच्या पुढे, आणि घोरणं असं की शेजारच्या बिऱ्हाडाने एकदा भिंत ठोकली होती. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत तो गेला.

"त्रेसष्ट वर्षांचं," ती म्हणाली. "पाळण्यात मावणार नाही. तुम्ही कोण बोलताय?"

पलीकडचा माणूस हसावं की माफी मागावी या गोंधळात पडला, आणि त्या गोंधळातच सगळं सांगून बसला. त्याचं नाव हर्षित. माळशेज घाटाच्या वर त्याच्या वडिलांची जागा होती, उतारावर चार लाकडी केबिन. डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारसाठी हेमांगी मॅडमनी तीन केबिन घेतल्या होत्या, पण नावांची यादी पाठवली ती चार जणींची. त्यात शेवटचं नाव उत्तरा बाळ, पुढे फोन नंबर. हर्षितने आपल्या अकलेने हिशोब जुळवला. चौथी बाई कडेवर लेकरू घेऊन येणार, आणि कुणाच्या तरी केबिनमध्ये राहणार.

उत्तराला सगळा उलगडा एका दमात झाला. ती यादी तिनेच केलेली होती, दोन वर्षांपूर्वीच्या सहलीची, बायको-नवऱ्याची नावं एकाच ओळीत. वागळे इस्टेटमधल्या कंपनीत ती आणि हेमांगी बावीस वर्षं खरेदी विभागात शेजारी बसल्या, एका डब्यात जेवल्या. हेमांगीला तिथे एक खोड होती. नवी ऑर्डर कधी मुळापासून टाइप करायची नाही. जुनी काढायची, तारीख बदलायची आणि धाडून द्यायची. त्यापायी एकदा बंद झालेल्या मशीनचे पट्टे चाळीस नग येऊन पडले होते. उत्तराने तेव्हाही तिला झापलं होतं. आता त्याच खोडीने हेमांगीला तोंडघशी पाडलं होतं.

चार जोडपी, आठ माणसं, म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव 'अष्टप्रधान'. अकरा वर्षं दर हिवाळ्यात ती कुठे ना कुठे जायची, आणि सगळं ठरवायची उत्तरा. बस कुठली, नाश्ता कुठे, कोणाला भारतीय पद्धतीचा संडास लागतो आणि कोणाला खिडकीशेजारीच झोप येते, सगळं तिच्या डोक्यात. अष्टप्रधान दिवाळीपासून गप्प होतं. गेल्या वर्षी बाळ गेला म्हणून सहल झाली नव्हती; तिला वाटलं होतं, या वर्षीही कुणाला उत्साह नाही. म्हणजे मंडळींनी तिला वगळून दुसरा ग्रुप काढला होता. तिथे छान गजबज चालू असणार.

तिला राग आला. वाईट नंतर वाटलं, आधी राग आला, आणि तो अगदी सणसणीत आला.

"चौथी केबिन रिकामी आहे का? बाळ म्हणजे माझा नवरा, तो गेला. मी एकटी येणार." तिने विचारलं.

"आहे ना. पण आमचं फक्त कपल आणि फॅमिली. सिंगलला नाही देत."

"का?"

"जबाबदारी येते ओ. समोर दरी आहे. एकटं माणूस आलं की आमच्या स्टाफला टेन्शन. काय मनात असेल, कोणाला माहीत?"

"माझ्या मनात शनिवार-रविवार डोंगरावर राहायचं आहे."

हर्षित हसला. मग आवाज जरा उतरवून म्हणाला, "आंटी, एक करू. बाळ लिस्टमध्ये आहेच. मी सिस्टममध्ये वन प्लस वन टाकून देतो. झाली फॅमिली. इथे आल्यावर कोण बघतंय!"

पोरगं मनाने वाईट नव्हतं. पळवाट तर इतकी सोपी होती की बाळ स्वतः असता तर गडगडून हसला असता आणि म्हणाला असता, जा की माझ्या नावावर. उत्तराच्याही ओठांवर क्षणभर हसू आलं. मग ते मावळलं. आयुष्यभर ताठ चाललेला सहा फुटी माणूस, त्याला पाळण्यात घालायचं आणि त्याच्या आडोशाने आपण दारातून आत सरकायचं? कशासाठी? आपण चोरी केली आहे का?

"नको," ती म्हणाली. "बाळचं नाव खोडा. केबिन माझ्या एकटीच्या नावावर द्यायची. वडिलांना विचारा, स्टाफला विचारा, हवं तर दरीला विचारा. उद्या अकराच्या आत मला उत्तर हवं."

बावीस वर्षं ती पुरवठादारांशी याच आवाजात बोलली होती. हर्षित मुकाट्याने "हो मॅडम" म्हणाला. आंटीची परत मॅडम झाली होती.

रविवारी सकाळी ती हेमांगीकडे निघाली. फोन केला नाही. फोन केला तर तिकडे सारवासारव करायला वेळ मिळतो. रिक्षावाला मानपाडा ऐकून सरळ घोडबंदरच्या दिशेने निघाला, तेव्हा "अहो, डोंबिवलीचं मानपाडा" असं म्हणून त्याला वळवावं लागलं. पुढे शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. त्या अर्ध्या तासात तिला गेली पावणेदोन वर्षं एकेक करून आठवत गेली.

हळदीकुंकवाला बोलावलं नाही, तर म्हणे उत्तराला वाईट वाटेल. हेमांगीच्या पुतणीच्या केळवणाला बोलावलं नाही, कारण तेच. सोसायटीच्या वर्धापनदिनाला जोडप्यांचे खेळ होते, तेव्हा सेक्रेटरीने तिला खालीच गाठून सांगितलं की तुम्ही आराम करा. सगळे इतके चांगले वागत होते की भांडायला जागाच नव्हती. कुणी वाकडं बोललं असतं तर तिने तिथल्या तिथे निकाल लावला असता. पण या मऊ मऊ काळजीचं काय करायचं, हे तिला उमगत नव्हतं, आणि म्हणून तिने आजवर सगळं गिळलं होतं.

दार साईनाथने उघडलं. हेमांगीचा नवरा. ऑगस्टमध्ये त्याच्या हृदयात स्टेंट घातला होता, तेव्हापासून जरा वाळला होता. उत्तराला बघून त्याचा चेहरा, अभ्यास न केलेल्या मुलाला मास्तर रस्त्यात भेटावेत, तसा झाला.

"अरे वा, वहिनी! अचानक?"

"तुमच्या डोंगरवाल्याचा फोन आलेला, भावजी. पाळणा हवा का, विचारत होता."

हेमांगी पोह्यांची कढई तशीच टाकून बाहेर आली. उत्तराने खुर्ची ओढली आणि यादीचा सगळा किस्सा सांगितला. हेमांगीने कपाळावर हात मारून घेतला. एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे कान लाल झाले होते.

"अगं, आम्ही तुला सांगणारच होतो."

"कधी? परत आल्यावर फोटो दाखवताना?"

"तसं नाही गं."

"मग कसं? सांग ना, मी त्यासाठीच आले आहे."

साईनाथने मध्ये तोंड घातलं. "वहिनी, राग मानू नका. आम्ही सगळे जोडीनं, तुम्ही एकट्या. बाळची आठवण येणार. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"येणारच की आठवण. वर्तकनगरला येत नाही असं वाटतं का तुम्हाला? ओट्याशी येते, बाल्कनीत येते, लिफ्टमध्येसुद्धा येते. घाटावर आली तर निदान हवा तरी चांगली मिळेल! आणि मला वाईट वाटायचं असेल तर ते माझं मी बघेन. तुम्ही सगळ्यांनी मिळून ते माझ्या वतीने वाटून का घेताय?"

पदराला हात पुसत हेमांगी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बरं, चुकलं. चल तू. आमच्याच केबिनमध्ये ये, खाली गादी टाकू मस्त. रात्री गप्पा मारू."

"गादीवर नाही येणार."

"अगं पण का?"

"कारण अकरा वर्षं मी तुमच्या खोल्या ठरवल्या, हेमा. आता तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात पाहुणी म्हणून नाही झोपणार. यायचं तर माझ्या दाराची किल्ली माझ्याकडे असेल. नाहीतर तुम्ही खुशाल जा, पण मग मला वाईट वाटेल म्हणून नेलं नाही, असं पुन्हा कधी म्हणू नका. नेलं नाही, एवढंच म्हणा."

हेमांगी खुर्चीत बसली. कढईखालचा गॅस चालूच होता. पोहे लागल्याचा वास आला, तेव्हा साईनाथ उठून आत गेला. तो आत गेल्यावर हेमांगीचा बांध फुटला.

"तुला वाईट वाटेल म्हणून नाही गं," ती आवाज दाबत म्हणाली. "खोटं आहे ते. मला भीती वाटते. ह्यांचं ते ऑगस्टमध्ये झाल्यापासून मी झोपेत ह्यांच्या नाकाशी हात धरून बघते, श्वास चालू आहे ना. आणि तू समोर बसलीस की वाटतं, पुढचा नंबर माझा. तुझ्याकडे बघवत नाही मला. मैत्रीण ना तू माझी? आणि मला तुझ्याकडे बघवत नाही."

हे उत्तराला अपेक्षित नव्हतं. तिचा राग होता तिथेच राहिला, पण त्याची धार दुसरीकडे वळली. तिने हेमांगीचा हात धरला, आणि धरला तो बऱ्यापैकी जोरात.

"मग बघ," ती म्हणाली. "तोंड फिरवू नकोस, नीट बघ. मी जेवते. भाजी आणायला जाते. लाइटच्या माणसाशी भांडते. परवा एकटीने नाटकाला गेले आणि मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला. कधी कधी भिंतीकडे बघून रडते, मग उठून कुकर लावते. तुझ्यावर अशी वेळ येऊच नये. पण आलीच, तर यातून जगता येतं, हे तुला दाखवणार कोण? मला घरात कोंडून तुझी भीती कमी होणार आहे का?"

हेमांगीला डोळे पुसायचंही सुचलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात साईनाथ झारा घेऊन उभा होता. त्याने किती ऐकलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सगळंच ऐकलं होतं.

अकराला दहा मिनिटं असताना उत्तराचा फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"मॅडम, पप्पांशी बोललो," हर्षित म्हणाला. "ते रेडी आहेत. फक्त ग्रुपमधल्या एका कपलने लिहून द्यायचं, की मॅडमची जबाबदारी आमची. बस."

"मी देते लिहून," हेमांगी घाईघाईने म्हणाली. तिला बिचारीला वाटलं, मिटलं एकदाचं.

"थांब तू." उत्तरा फोनवर वाकली. "हर्षित, माझा नवरा कसा गेला, सांगू का? सोफ्यावर. हातात चहाचा कप. मी शेजारी होते, खांद्याला खांदा लावून. जोडीनंच बसलो होतो आम्ही. जोडीनं बसलो म्हणून काही थांबलं नाही."

उत्तराने फोन जरा जवळ ओढला.

"तेव्हा शेजारी कुणी असलं की माणूस सुखरूप आणि नसलं की धोका, हे डोक्यातून काढा. मी एकसष्ट वर्षांची आहे. शुद्धीत आहे. कपलचं पत्र मी आणणार नाही. लिहून हवं असेल तर माझी जबाबदारी माझी, असं मी माझ्या सहीने देते. ते चालत नसेल तर आत्ता नाही म्हणा. मी दुसरा डोंगर शोधते. सह्याद्रीत पुष्कळ आहेत."

"आणि तिला नाही म्हणालात," हेमांगी एकदम पुढे सरसावून म्हणाली, "तर आमच्या तिन्ही कॅन्सल करा."

साईनाथने भुवया उंचावल्या. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि बाकीच्या दोन जोडप्यांना तर याचा पत्ताही नव्हता. तरी त्याने मान हलवली, जणू फोनमधून हर्षितला दिसणारच होती.

फोनवर कुणीतरी दूर जाऊन कुणाला तरी काहीतरी सांगितल्याचं ऐकू आलं. एक जाड, वयस्कर आवाज दोनदा "काय?" म्हणाला. उत्तरा फोनवर वाकूनच होती. तिला ती केबिन हवी होती, फार हवी होती, हे तिला त्या मिनिटाभरात कळलं.

"द्यायला सांगितली पप्पांनी," हर्षित परत आला. "तुमच्याच सहीवर. चौथी तुमची, आंटी."

हेमांगीने हुंदका दिला की हसली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. उत्तरा पाठ टेकून बसली.

"एकच राहिलं," हर्षित म्हणाला. "शनिवारच्या जेवणाचं लिहून घेतो. किती धरू? म्हणजे तीन कपल, प्लस..."

तो थांबला. तीन कपल प्लस काय, ते त्याला सुचेना. त्याच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.

"माणसं मोजा, हर्षित," उत्तरा म्हणाली. "सात."