औदुंबराच्या दुधाला तीस डिग्री

औदुंबराला दूध फुटल्याची बातमी घोडेगावच्या गुरांच्या बाजारात सकाळी पोचली, आणि संध्याकाळी शेजारच्या गावच्या माळावर पाय ठेवायला जागा उरली नाही. आदल्याच वर्षी देशभरातले देव चमच्याने दूध प्यायले होते. प्यालेलं परत द्यायची त्यांची पाळी आली असावी, असं धरून माणसं बाटल्या घेऊन रांगेत उभी होती.

झाडाखाली क्षीरनाथ महाराज बसले होते. झाडाला चीर देऊन दूध ते स्वतः काढत, पण पहाटे, कुणी नसताना. माणसं बघत असली की झाड म्हणे आखडून घेतं.

"पाकिटातलं सोयाचं दूध पाजता लेकरास्नी?" महाराज रांगेला दटावत होते. "आरं, गोंद घालत्यात त्यात. केमिकल घालत्यात. आतडी चिकटत्याल पोरांची! हे बघा देवाचं दूध. तीन दिस ठेवा, नासत न्हाई. आन दाट किती, बोट बुडवा आन बघा."

रांगेत माधुरीही हे ऐकत होती. तिच्या कडेवर आठ महिन्यांचा ओम होता. तिचं अंगावरचं दूध आटलेलं, म्हशीच्या दुधानं पोराला ढाळ लागलेले. म्हणून भावानं भिंगारच्या दुकानातून सोयाच्या दुधाची पाकिटं आणून दिली होती. सासूनं, छबूबाईनं, ती झाडाची बातमी कळताच उकिरड्यावर फेकली आणि बाटली घेऊन रांगेत पहिला नंबर लावला.

हे दूधच कशावरून, अशी रांगेतल्या एकाला शंका आली. महाराज हसले. "मग लावा की तुमचं यंत्र."

डेअरीचे सेक्रेटरी आप्पासाहेब दुधातलं पाणी पकडायचं लॅक्टोमीटर घेऊन आले. काचेची नळी दुधात सोडली, ती डुलली आणि तीस डिग्रीवर थांबली.

"चोख," आप्पासाहेब म्हणाले आणि चप्पल काढून पाया पडले.

मग काय विचारता! शास्त्रानंच शिक्का मारला म्हटल्यावर शंका घेणारा अडाणी ठरला. गावाची पोटं डेअरीवर चालत होती. दुधातलं आम्हाला कळतं, हा इथल्या माणसांचा जन्माचा ताठा होता.

आणि कळतही होतं बरं का. पाणी घातलं की डिग्री पडते, हे गावाला कळत होतं. मूठभर साखर टाकली की पडलेली डिग्री उठून बसते, हेही कळत होतं. उन्हाळ्यात कॅनमध्ये चिमूटभर खायचा सोडा टाकला की दूध नगरपर्यंत नासत नाही, हे तर पोरासोरांनाही पाठ होतं. वर्षानुवर्षं ज्या नळीला गावानं फसवलं, त्याच नळीवर गावानं त्या संध्याकाळी डोळे मिटून विश्वास ठेवला. चोराला चोराची वाट ठाऊक असते म्हणतात. पण वाटेवर देवाची पाटी लावली की तोही चकतो.

ओम महिनाभर औदुंबराचं दूध प्यायला. मांड्यांची कातडी लोंबू लागली, रडण्याचा आवाज बारीक झाला.

"देव परीक्षा बघतोय," छबूबाई म्हणाली.

"देवाला दुसरं कोन घावलं न्हाई का, आत्याबाई?" माधुरी म्हणाली, आणि तिला सासूची बोलणी खावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दुधात पाणी ओतून झालं होतं. साखरेची मूठ कॅनवर धरली आणि माधुरीचा हात तिथंच थांबला. नासत नाही, दाट आहे, तीस डिग्री आहे. हे सगळं तर ती रोज स्वतःच करत होती.

तो गुरुवार होता. माळावर आरती संपली तशी ती पुढे झाली. तांब्यात विहिरीचं पाणी, त्यात भाताची पेज ओतलेली. "आप्पा, तुमची नळी आना आन लावा डिग्री."

नळी खोल बुडाली. माधुरीनं साखर टाकून ढवळलं. नळी वर आली. आणखी टाकली, आणखी वर आली. तीस.

"चिमूटभर सोडा टाकते, म्हंजे नासनार बी न्हाई," ती म्हणाली. "घ्या, आमची हीर बी दूध देती."

छबूबाईनं तिचा पदर ओढला. "गप बस. चारचौघांत घराची अब्रू काढतीस?"

"अब्रू जाऊ द्या आत्याबाई. पोरगं ऱ्हायला पायजे."

हे तुला कसं ठाऊक, असं तिला एकानंही विचारलं नाही. जो तो आपापल्या पायाचा अंगठा न्याहाळत होता.

"श्रद्धा नसंल त्याला यंत्र खोटंच दावतं," महाराज म्हणाले.

"यंत्र तुमीच लावा म्हणलं हुतं," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी झाडामागच्या महाराजांच्या झोपडीचं दार ढकललं. आत सोयाबीनचं पोतं, ते वाटायचा मिक्सर, साखर, सोडा आणि वेलदोड्याच्या वासाची बाटली. ज्या सोयाच्या नावानं महाराज बोटं मोडत, तेच वाटून, भरपूर पाणी घालून ते विकत होते.

ओमला नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात ठेवून घेतलं. त्या माधुरीला म्हणाल्या, "पाकिटातल्या चिमूटभर गोंदानं पोराची आतडी चिकटली नसती. पण नुसत्या त्या पाकिटातल्या दुधावर एवढं लेकरू पोसलंही नसतं. पाकिटावर काय घातलंय ते निदान छापलेलं असतं, वाचून आम्हाला विचारता येतं. बाबाच्या बाटलीला काय विचारणार?" त्यांनी सांगितलेलं दूध आणि मऊ वरणभात सुरू झाला, आणि पोरगं हळूहळू बाळसं धरू लागलं.

महाराज पळाले, त्यांचं सोडा. दूध झाडाचं म्हणोत, पाकिटाचं म्हणोत की म्हशीचं. त्यात काय आहे, किती आहे आणि कुणासाठी आहे, हे विचारायला देवानं तोंड दिलंय. काचेची नळी फक्त जडपणा मोजते, खरेपणा मोजत नाही. आणि एवढं कळल्यावर आणखी एक विचार करायचा. आपला पाणी-साखरेचा कॅन रोज नगरला जातो, तिथंही कुणीतरी आई वाटी-चमचा घेऊन बसलेली असते, आणि तिच्या लेकराला आपण काय पाजतो, ते आपल्याला चांगलं ठाऊक असतं.