चारशे सतरा कुठे आहे?

आईस्क्रीमच्या त्या कारखान्यात तिला सगळे 'फोनवाल्या मॅडम' म्हणत. कचेरी, कारखाना आणि गोदाम मिळून तिथे दोनशे अकरा फोन होते आणि त्या सगळ्यांचा कारभार तीन सर्व्हर मिळून बघत. कामं तिघांत वाटलेली. एक आजारी पडला की बाकीचे दोघे मुकाट्याने त्याचा भार उचलत. त्यातला पहिला आता पार म्हातारा झाला होता. पंखा घरघरत होता, सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि महिन्यातून एकदा तरी तो काहीतरी कुरबुर काढायचाच. त्याला सुखरूप बाहेर काढायचं काम मॅडमकडे आलं. त्यासाठी रविवारची सकाळ ठरली, कारण रविवारी कचेरी बंद असे आणि गोदामात माल चढवणारे दोघे-तिघे सोडले तर कारखान्यात चिटपाखरू नसे.

नऊच्या सुमारास ती सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसली. खोली म्हणजे जिन्याखालचा कोनाडाच, फक्त त्याला दार आणि वातानुकूलन होतं. मॅडमने एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीने पायऱ्या लिहून आणल्या होत्या. वायर उपटली आणि पेटी उचलली, असं हे काम नसतं. आधीच्या नोकरीत एका शहाण्याने तेच केलं होतं, आणि उरलेले सर्व्हर सोमवारचा आख्खा दिवस त्या नसलेल्या भावाची वाट बघत अडून बसले होते. म्हणून आधी सगळ्याची प्रत काढून बाजूला ठेवायची. मग म्हाताऱ्याच्या भरवशावर असलेले फोन एकेक करून दुसऱ्या दोघांच्या हवाली करायचे. त्याच्याकडे एकही फोन उरला नाही ना, हे बघायचं. मग त्याचं काम नुसतं थांबवून बघायचं, कुठे काही अडतं का. तरच यादीतून त्याचं नाव काढायचं, आणि उरलेल्या दोघांचं एकमेकांशी जुळतंय ना, हे तपासून शेवटी त्याची वीज बंद करायची.

साडेदहापर्यंत सगळं सुतासारखं सरळ चाललं. म्हाताऱ्याच्या नावापुढचा आकडा शहात्तरवरून चाळीसवर आला, चाळीसवरून नऊवर, नऊवरून एकवर. आणि एकवरच अडून बसला.

चारशे सतरा नंबरचा फोन. कुठल्या खोलीत, कोणाच्या टेबलावर, ते लिहायची जागा कोरी. मॅडमने त्यावर फोन लावला. तो वाजत राहिला, उचलला कोणीच नाही. नोंदी उघडल्या, तर वर्षभरात त्यावरून एकही फोन गेला नव्हता. इतर फोनांना दिलेला हुकूम याला लागू पडत नव्हता, कारण कोणीतरी याच्या पोटात जुन्या सर्व्हरचा पत्ता हाताने कोरून ठेवला होता.

तिने फाटकावरच्या रक्षकाला विचारलं. "तीन वर्षं झाली मला इथे," तो म्हणाला, "पण चारशे सतरा कधी कानावर नाही आला."

तेवढ्यात कारखान्याचे व्यवस्थापक किल्ल्यांचा जुडगा वाजवत आले. रविवार फुकट गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"दोनशे अकरातला एकच ना, मॅडम? द्या काढून. ज्याचा असेल तो उद्या बोंबलत येईल, तेव्हा बघू."

खोटं कशाला बोला, मॅडमलाही क्षणभर मोह झाला. वर्षभर मुका असलेला फोन, कोणाचं काय अडणार होतं? पण पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात 'एकही फोन उरला नाही ना' असं लिहिलेलं होतं, आणि तिथे बरोबरची खूण करायला तिचा हात धजावेना.

त्याच वेळी तिचा मोबाइल वाजला. घरून सासूबाई होत्या.

"जेवायला येणार आहेस, की तुझं ताट झाकून ठेवू?"

या सासूबाईंनी याच कारखान्यात एकतीस वर्षं ऑपरेटरची खुर्ची सांभाळली होती. शून्य फिरवलं की त्या बोलत, म्हणून सगळा कारखाना त्यांना शून्यबाई म्हणे. त्या निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि त्यानंतर वर्षभरात मॅडम सून म्हणून घरात आली. दोघींचं कधी वाजलं नव्हतं, पण कधी मेतकूटही जमलं नव्हतं. माणसांचं काम यंत्रांच्या गळ्यात घालणारी ती माझी सून, असं सासूबाई शेजारणींना सांगत. आणि त्यांचा जमाना वेगळा, त्यांना यातलं काय कळणार, असं सूनबाईंनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. आज मात्र तिने हात टेकले होते.

"आई, एक विचारू का? चारशे सतरा कुठे होता, काही आठवतं?"

पलीकडे कढईत उलथणं फिरायचं थांबलं.

"दोन नंबरचं शीतगृह. आत, दाराच्या डाव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. का गं?"

"त्याचा सर्व्हर काढतेय मी. तो फोन वर्षभरात कोणी वापरलाच नाहीये."

"नाही वापरला म्हणजे देवाची कृपा. तो रोज वापरायचा फोन नव्हे. आतून दाराची कडी गोठली आणि माणूस आत अडकला, की नुसता उचलायचा, थेट ऑपरेटरकडे वाजतो. तू कशाला हात लावू नकोस. मी आलेच."

सगळ्या कारखान्यात हाच एक फोन असा होता, की तो बंद पडला तर ज्याचा होता त्याला बोंबलत येताच आलं नसतं. तिने हे व्यवस्थापकांना सांगितलं, तेव्हा त्यांनी किल्ल्या गुपचूप खिशात टाकल्या आणि रविवारचा विषय पुन्हा काढला नाही.

वीस मिनिटांत सासूबाई मुलाच्या स्कूटरवर मागे बसून हजर झाल्या. अंगात दोन स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे. व्यवस्थापक नवे कारकून होते तेव्हा त्यांची बोलणी खाऊन शिकलेले; ते चटकन उभे राहिले.

"शून्यबाई, तुम्ही स्वतः?"

"मग काय पत्र पाठवू?" म्हणत त्या पुढे चालू लागल्या. त्यांना वाट दाखवावी लागली नाही.

शीतगृहाच्या दाराशी जाड कोट चढवताना त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांपूर्वी एक निरोप द्यायला त्या आत गेल्या, दार मागे बंद झालं आणि कडी हलेना. पाऊण तास त्या दारावर चपलेने ठोकत होत्या. शेवटी बर्फयंत्राच्या मेकॅनिकने तो आवाज ऐकला आणि दार उघडलं.

"आणि उघडल्यावर पहिलं काय म्हणाला असेल? 'बाई, दार पटकन लावा, गारवा बाहेर जातोय.' मी असं काही फैलावर घेतलं त्याला. पुढच्या वर्षी त्याच माणसाशी लग्न केलं."

आठ वर्षं त्या घरात राहून ही गोष्ट मॅडमच्या कानावर आली नव्हती. सासरे बोलण्यात फार काटकसरी, आणि सासूबाईंना तिने कधी विचारलंच नव्हतं.

"मग मी साहेबांच्या डोक्यावर बसून तिथे फोन लावून घेतला," सासूबाई सांगत होत्या. "पुढे हे तुमचं नवं तंत्र आलं, तेव्हा तो लावणारा मुलगा म्हणाला, नंतर जोडतो. मी त्याच्या मागे उभी राहिले. म्हटलं, हा जोडल्याशिवाय तुला चहा नाही. बसवला त्याने घाईघाईत."

हाताने कोरलेल्या पत्त्याचं कोडं असं सुटलं.

आत उणे वीस होतं. दार उघडं धरायला नवऱ्याला उभं केलं, आणि मॅडम हातमोजे काढून भिंतीवरच्या उबदार पेटीतल्या फोनची बटणं दाबू लागली. जुना पत्ता पुसून उरलेल्या दोन्ही सर्व्हरचे पत्ते घालायचे, एवढंच काम. पण चार आकड्यांनंतर बोटं बधिर होत. ती बाहेर येऊन हात चोळी आणि पुन्हा आत जाई. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा फोन नव्या घरी नांदायला लागला.

"आता उचलून बघ," सासूबाई म्हणाल्या. "मी खुर्चीवर जाऊन बसते."

त्या ऑपरेटरच्या रिकाम्या खोलीत गेल्या. मॅडमने आतून फोन उचलला. दोनदा वाजला आणि कानात एक आवाज आला, स्वच्छ, गोड, घरात कधीच न ऐकलेला.

"नमस्कार. बोला, कुठून बोलताय?"

"शीतगृह दोन," मॅडम म्हणाली, आणि तिला का कोण जाणे हसू फुटलं.

"घाबरू नका. माणूस निघालाय. बोलत राहा माझ्याशी." मग तोच आवाज एकदम घरचा झाला. "अगं, पण आज रविवार. मी नसते तर हा रिकाम्या खोलीत वाजत बसला असता."

मॅडमच्या हे डोक्यातही आलं नव्हतं. रविवारीही माल चढवणारी माणसं आत-बाहेर करत होती, आणि फोन मात्र कुलूपबंद खोलीत वाजणार होता. तिने लगेच सर्व्हरच्या खोलीत जाऊन बदल केला. आता चारशे सतरा उचलला की ऑपरेटरबरोबर फाटकावरही वाजणार होता. रक्षकाने दोनदा तपासून घेतलं, आणि दोन्ही वेळा धावत शीतगृहापर्यंत जाऊन आला.

मग पुठ्ठ्यावर खूण झाली. म्हाताऱ्याचं काम थांबवलं आणि अर्धा तास वाट बघितली. त्या अर्ध्या तासात व्यवस्थापकांनी कारखानाभर फिरून तीस फोन उचलून पाहिले. सगळे बोलत होते. मॅडमने यादीतून नाव काढलं, उरलेल्या दोघांच्या नोंदी जुळवून बघितल्या आणि शेवटी म्हाताऱ्याची वीज बंद केली. घरघर थांबली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

"झालं?" सासूबाईंनी दारातून विचारलं. "एवढंसंच?"

"एवढंसंच. पण आई, अजून बत्तीस फोन असे आहेत, ज्यांच्यापुढची जागा कोरी आहे. चालू आहेत, पण कुठे आहेत ते कोणालाच माहीत नाही."

सासूबाईंनी एक स्वेटर काढला, खुर्ची ओढली आणि मुलाला हाक मारली. "अरे, घरी जा आणि भाजी तेवढी फोडणीला घाल. कांदा चिरून ठेवलाय. आम्हाला उशीर होईल." मग त्या पडद्याकडे वाकल्या. "हं, वाच."

"एकशे चार."

"बॉयलर. पण तिथला मुकादम कानाने अधू, त्यामुळे दहा वेळा वाजवायचा. तेही लिही."

मॅडमने तेही लिहिलं.