ॲम्पच्या पोटातला स्पंज

मी कवळ्या बनवते. दंतवैद्य तोंडाचा साचा पाठवतात, मी मेणात एकेक दात बसवते, घासते, चकाकी आणते. पंचवीस वर्षं हेच काम. आणि त्यातली एकवीस वर्षं मी इलेक्ट्रिक गिटार वाजवते. हे दुसरं वाक्य मी दुकानदाराला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याला माहीत नव्हतं असं उद्या कुणी म्हणायला नको.

आमचा तिघींचा बँड आहे. एक्स-रे काढणारी मैत्रीण ड्रम वाजवते, भावजय गाते आणि मी गिटारवर. वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठरला आणि तीन आठवडे आधी माझ्या जुन्या ॲम्पने मान टाकली. आधी घरघर, मग खरखर, मग काहीच नाही. गिटारचा आवाज मोठा करणारा तो डबाच गेल्यावर इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती तारा ताणलेली फळी. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून सांगितलं, "याच्यात पैसे घालू नका. नवा घ्या."

मी चार वाजवणाऱ्यांना विचारलं. चौघांनीही एकाच छोट्या ॲम्पचं नाव घेतलं. स्वस्त, दिसायला सामान्य, पण आवाज स्वच्छ आणि सभागृहाला पुरेल इतका. मी तोच घ्यायचं ठरवलं. धाकट्या भावाकडे गाडी आहे म्हणून त्याला सोबत नेलं. त्याला गिटारला तारा किती असतात तेही सांगता येणार नाही.

दुकानदार त्याच्याशीच बोलायला लागला. "साहेब, कसला हवाय? घरी वाजवायला की स्टेजवर?"

"मला हवाय," मी म्हटलं. "एकवीस वर्षं वाजवतेय."

"हो का! छान छंद आहे, ताई. तुम्ही बसा ना, पंखा लावतो." आणि परत भावाकडे वळून, "तर साहेब, वॉट किती हवेत?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी छोट्या ॲम्पकडे बोट केलं.

गिटार जोडून मी वाजवायला लागले आणि मलाच कसंतरी झालं. सूर उमटतच नव्हता. तोंडात घास ठेवून कुणी बोलावं तसा तो दबका, गिळगिळीत आवाज. मी नॉब फिरवले, बोटं जोरात मारली, काही उपयोग नाही. मग दुकानदाराने मला शेजारचा मोठा ॲम्प लावून दिला. किंमत तिप्पट. पहिल्याच सुराला दुकानाची काच थरथरली.

"बघा फरक!" भाऊ म्हणाला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

"छोटा ॲम्प वाईट नाही," दुकानदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "पण त्याला हात पक्का लागतो. तुमचा हात जरा मऊ आहे, ताई. बायकांचा असतोच. मोठा ॲम्प सांभाळून घेतो."

आणि मी मान डोलावली! त्याचा राग नंतर आला, आधी माझी मान डोलली. शनिवारी येऊन मोठा घेऊन जाते, असं सांगून मी घरी आले.

तो आठवडा मला कुणी परत देणार नाही. रोज कामावरून आले की ॲम्पशिवायच, कोरडी गिटार मांडीवर घेऊन बसायचे आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहायचे. दिवसभर याच बोटांनी मी केसाएवढा फरक घासून काढते. तीच बोटं मऊ? एकवीस वर्षं लोक काय उगाच टाळ्या वाजवत होते? भावजय म्हणाली, "काही बोलतो तो. तुझा हात मी रोज ऐकते." तिचंही मला खरं वाटेना. घरचीच माणसं, चांगलंच बोलणार.

शनिवारी भावाला घेऊन गेले तेव्हा काउंटरपाशी एक बसचालक उभा होता, गणवेशातच, बहुतेक ड्यूटी संपवून आलेला. दुकानदार त्याच्या मोठ्या ॲम्पची पावती लिहीत होता. मला दाखवला तसल्याच मोठ्या ॲम्पची. माझी पाळी येईपर्यंत मी छोट्यासमोर उकिडवी बसले. मनात म्हटलं, एकदा शेवटचं वाजवून बघू.

तो मागून अर्धा उघडा असतो, आतला स्पीकर दिसतो. मला दिसला नाही. दिसलं काहीतरी करडं. मी हात आत घातला, बोटांना मऊ लागलं, चिमटीत धरून ओढलं. उशीएवढा स्पंजचा तुकडा बाहेर आला. नीट कापलेला, स्पीकरच्या गोलाईला बरोब्बर बसेल असा. कडा पाहिल्या पाहिल्या कळलं की हे कुणीतरी मापाने कापलंय. माझा धंदाच तो आहे.

"हे काय आहे?" मी उभी राहून विचारलं.

दुकानदाराने पेन खाली ठेवलं. "पॅकिंगचं राहिलं असेल."

"पॅकिंग गोल कापून येतं?"

"ताई, आवाज वाढवू नका, गिऱ्हाईक आहेत."

"आवाज तर तुम्हीच कमी केलात! याच्या पोटात बोळा कोंबून!" मी भिंतीवरची गिटार काढली, जोडली आणि वाजवली. छोट्या डब्यातून आवाज असा निघाला की दारातून जाणारी दोन माणसं थांबली. स्वच्छ, भरलेला, धारदार. माझाच आवाज. अगदी मऊ हाताने वाजवलेला.

मला वाटलं होतं की आनंद होईल. झाला नाही. अंगाची लाही लाही झाली. पैशांचं सोडा, तो धंदा करतो, नफा काढणार. पण माझे हात? त्याने माझे हात खोटे पाडले होते, आणि तेही किती गोडीगुलाबीने!

बसचालक पुढे आला आणि स्पंज हातात घेऊन उलटसुलट करून पाहू लागला.

"माझी मुलगी गेल्या आठवड्यात हाच छोटा ॲम्प वाजवून गेली," तो हळू म्हणाला. "चौदा वर्षांची आहे. घरी येऊन म्हणाली, बाबा, मला जमत नाही, माझ्या बोटांत जोर नाही, क्लास बंद करा. चार दिवस गिटारला हात लावला नाही तिने. मग यांचा फोन आला, म्हणाले, मोठा घ्या, पोरीला हुरूप येईल." त्याने दुकानदाराकडे पाहिलं. "आता तिला काय सांगू मी?"

"साहेब, मोठा चांगलाच आहे, त्यात फसवणूक कुठे..."

"मी ॲम्पचं विचारलं नाही. पोरीला काय सांगू, ते विचारलं."

दुकानदार हसला. खरंच हसला. "अहो, धंदा आहे. सगळेच थोडंफार करतात."

चालकाने काउंटरवर ठेवलेले पैसे उचलून खिशात घातले. मीही निघाले. भाऊ दारात माझ्या कानाशी कुजबुजला, "अगं, पण छोटा चांगला निघाला ना? मग घेऊन टाक की! तुला तोच हवा होता."

"हवा होता. याच्याकडून नको."

"मूर्खपणा आहे हा."

"असेल. गाडी काढ."

दुरुस्तीवाल्याकडे त्याच बनावटीचा जुना छोटा ॲम्प, एक कोपरा घासलेला, पण उत्तम चालणारा मिळाला. कुणीतरी घर बदलताना विकून गेलं होतं. नव्याच्या निम्म्या किमतीत. त्याने आधी मागची बाजू माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "बघून घ्या." सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मी चांगली वाजवली, हे आता कुणाला न विचारता सांगते.

दुकान चालू आहे. उलट रंगवून घेतलंय. ग्राहक पंचायतीला मी लेखी तक्रार दिली, सोबत चालकाची सही. उत्तर आलं की पुरावा अपुरा आहे. स्पंज दुकानदाराच्याच काउंटरवर सोडून आलो होतो, तेवढी अक्कल दोघांनाही सुचली नाही. भावजय विचारते, किती दिवस चिडून राहणार? मला माहीत नाही. शांत होऊन त्याची सोय करायची आहे का?

चालकाची मुलगी आता रविवारी दुपारी आमच्या सरावाला येते. पहिल्या दिवशी वडिलांनी तिला अक्षरशः हाताला धरून आणलं. माझ्या ॲम्पसमोर बसली, पण वाजवेना.

"आधी मागून बघू?" तिने विचारलं.

"बघ ना."

ती वाकली, हात कोपरापर्यंत आत घालून चाचपलं, मग बसली आणि वाजवायला लागली. दोन सूर चुकले, तिसरा लागला. तिने नॉब पुढे फिरवला, आणखी थोडा, आणखी थोडा. वरच्या मजल्यावरून कुणीतरी फरशीवर काठी आपटली. आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीही तिला आवाज कमी कर म्हटलं नाही.