छत्तीस नावांची सरिता

“हळू धर रं, काचंचा हाय त्यो.” देवगाव रंगारीच्या या घरात मी ऐकलेला हा पहिला आवाज, घरच्या कर्त्या सांडूबाबांचा. त्यांना शेंद्र्याच्या कारखान्यात काम लागलं, आठवडाभर तिकडंच राहायचं ठरलं, तेव्हा घरच्यांशी बोलता यावं म्हणून त्यांनी मला आणलं. आता माझ्या काचेवर भेगांचं जाळं आहे आणि पाठीला रबर बांधलेलं आहे. मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे, आणि तिघांत मिळून एकटाच आहे.

माझे स्क्रू कुणी आवळले, त्या माणसाचा चेहरा मी पाहिला नाही. या घरात मात्र माझं लई कौतुक झालं. सांडूबाबांच्या बायको गोजरबाई मला पदरानं पुसायच्या. बाबासाहेबांच्या तसबिरीखालची फळी माझी. सकाळी मी गोजरबाईंचा, दुपारी बारावीतल्या सरिताचा, आणि सांज झाली की तिच्या दादाचा, राजकुमारचा.

त्या वर्षी सरिता चाचणीच्या पेपरातून दोनदा अर्ध्यात उठून आली. पोट दुखतं म्हणाली. आईनं ओवा चारला. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि तिला तिथं बसवेल का, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तेव्हा तिनं माझ्यात एक ॲप घेतलं, मनातलं सांगायचं.

ॲप म्हणालं, “आपल्या खोलीचे दार लावून शांत बसा.” घराला खोली एकच. ती मला घेऊन कडब्याच्या गंजीआड बसली आणि लिहीत राहिली. उन्हं कलली तशी तिची बोटं सैल झाली.

पण संध्याकाळी मी राजकुमारच्या हातात असताना ॲप वाजलं, “आज रडू आलं का?”

“माय, फोनला रडू आलंय बघ. पाणी पाज त्याला,” तो हसला. पोरगं मनानं वाईट नव्हतं. पण चुलीपुढं सरिताची भाकर करपली.

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी ॲप घ्यायची आणि सांजेआधी काढून टाकायची. परत घेतलं की ॲप नव्यानं नाव, गाव, कॉलेज विचारायचं. खरं नाव सांगायची भीती. मग ती कधी श्रेया व्हायची, कधी संस्कृती. ॲपला कालचं काही आठवत नसे. रोज तेच दुःख, रोज पहिल्यापासून. पहिला धरून असे छत्तीस दिवस गेले.

तिकडं संभाजीनगरात ॲप बनवणारी माणसं हरखली. एका गावातल्या छत्तीस मुली आपलं ॲप वापरतात! त्यांच्यातली विशाखा यादी घेऊन कॉलेजात आली. सर म्हणाले, “मॅडम, माझ्या वर्गात पोरी अकराच हायेत.” विशाखा ओशाळून एस्टीच्या थांब्यावर गेली. वर्गात हे ऐकलेली सरिता तिच्या मागं गेली आणि तिला घरी घेऊन आली.

गंजीआड दोघी बसल्या. मी सरिताच्या मांडीवर.

“त्या समद्या मीच हाय, ताई.”

“छत्तीसही?”

“व्हय. तुमचं ॲप सांजच्याला वाजतं. तवा फोन दादाकडं असतो.”

विशाखानं वही काढली. मग म्हणाली, “आम्ही धरून चाललो होतो, की ज्याचा फोन त्याच्याच हातात असणार. अजून काय चुकलं, सांगशील?”

“आवाज नगं. नाव नगं. लिवता येत नाय त्याला बोलून सांगता यावं, आपल्या बोलीत. अन् कालचं ध्यानात ठेवा, पण दुसऱ्याला दिसू देऊ नका.”

विशाखानं एकेक शब्द लिहून घेतला.

मित्रांनो, मला नवी काच नको. तुमच्यापैकी कुणी उद्या पोरांच्या मनासाठी काही घडवाल, तर एवढं करा: आधी पोरांजवळ बसा. त्यांचा फोन दिवसभरात किती हातांतून फिरतो, ते पाहा. आणि भावंडाच्या नावानं काही वाजलं, तर ते मोठ्यानं वाचू नका.

गंजीआड दोघी बोलत होत्या, तेवढ्यात गोजरबाई चहा घेऊन आल्या. “मॅडम कशापायी आल्या गं?”

विशाखानं सरिताकडं पाहिलं, उत्तर तिच्यावर सोडलं. ‘अभ्यासाचं इचारायला’ एवढं म्हटलं असतं, तरी भागलं असतं. सरितानं मला कडब्यावर ठेवलं.

“माय, माझं पोट नव्हतं दुखत. पेपर हातात आला की छाती धडधडती, हात गार पडत्यात, श्वास पुरत नाय. लई दिवस झाले. मला लई भ्या वाटतं, माय.”