सदुसष्ट वर्षांचा पुरुष

पार्श्वभूमी

डॉ. अवंतिकाला लंडनला जायचं होतं. हृदय आणि फुप्फुसाच्या प्रत्यारोपणाचं दोन वर्षांचं प्रशिक्षण, जागा अगदी थोड्या, अर्जाची मुदत शुक्रवार. अटी ढीगभर होत्या. एक सोडून बाकीच्या तिने पुऱ्या केल्या होत्या. उरलेली अट अशी, की गेल्या वर्षभरात अर्जदाराचा एक तरी लेख नावाजलेल्या जर्नलने स्वीकारलेला हवा.

लेख तयार होता. छातीच्या शस्त्रक्रियेच्या एका जर्नलला तो आवडलाही होता. संपादकांनी कळवलं होतं, रुग्णाचं संमतिपत्र तेवढं पाठवा, स्वीकृतीचं पत्र लगेच देतो.

रुग्ण

लेखात: सदुसष्ट वर्षांचा पुरुष. हृदय जन्मतः उजव्या बाजूला. तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या.

लेखाबाहेर: मुरलीधर. खमरियाच्या आयुध कारखान्यातून निवृत्त. फॅक्टरीच्या बसमध्ये त्यांना ‘उल्टे दिलवाले भैया’ म्हणत. नवा माणूस भेटला की त्याचा हात धरून आपल्या छातीच्या उजव्या अंगाला ठेवायचा आणि त्याचा चेहरा कसा बदलतो ते बघत राहायचं, हा त्यांचा जुना छंद. दम लागायला लागला तेव्हा शहरातल्या दोन डॉक्टरांनी हात वर केले. नागपूरला न्या म्हणाले. अवंतिका म्हणाली, बायपास इथेच करू. सर्जन एरवी रुग्णाच्या उजव्या हाताला उभा राहतो, ती डाव्या हाताला उभी राहिली. रोजच्या सवयीचे हात त्या दिवशी प्रत्येक टाक्याला विचार करून हलत होते. मुरलीधर आठवड्याभरात घरी गेले आणि नव्या व्रणासकट छंद पुन्हा सुरू झाला.

पद्धत

मंगळवारी संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नीने, विनताकाकूंनी, पोहे पुढे ठेवले.

“वाचून दाखव,” मुरलीधर म्हणाले.

तिचं मराठी घरातलं, हिंदीच्या आधाराने चालणारं. इंग्रजी लेख अडखळत तिने मराठीत सांगायला सुरुवात केली. “सदुसष्ट वर्षांचा एक पुरुष…”

“कोण?”

“तुम्ही, काकाजी.”

“मग तसं लिही न.”

“नाव नाही छापत. रूल आहे. तुमच्याच भल्यासाठी. कोणाचं ऑपरेशन आहे ते लोकांना कळू नये म्हणून.”

“साऱ्या खमरियाला माहीत आहे. दूधवाल्याला माहीत आहे. तू कोणापासून लपवून राहिली?”

“अहो, करा न सही,” विनताकाकू म्हणाल्या. “पोरगी केव्हाची बसली आहे.”

“थांब तू.” मुरलीधरांनी संमतिपत्राचा कागद बाजूला सारला. “सारी नोकरी जे बनवलं, त्यावर माझं नाव नाही. घरी सांगायचीही मनाई. हिला अजून माहीत नाही मी तिथं काय करायचो.”

“मला वाटायचं झोपा काढता.”

“चलो, ते सरकारचं होतं. पण हे दिल तर माझं आहे न? त्यावर तुझं नाव येणार, तुझ्या मोठ्या डॉक्टरांचं येणार. आणि माझं काय? पुरुष!”

*काकाजी, मला शुक्रवारपर्यंत हे पाहिजे, नाहीतर माझं लंडन जातं.* हे वाक्य तिच्या जिभेवर आलं. तिने त्यावर पोह्यांचा घास घेतला. मग म्हणाली, “बरं. मी संपादकांना विचारते.” कागद तिथेच राहिला.

चर्चा

बुधवारी विचारलं: रुग्णाला स्वतःचं नाव छापून हवं आहे, तसं लिहून द्यायला तो तयार आहे, चालेल का? उत्तर तासाभरात आलं, फार सभ्य होतं आणि नाही असं होतं.

गुरुवारी मुरलीधरांच्या मुलाचा मेसेज आला. अक्षत वडिलांसारखा अडून बसणारा नव्हता. हायवेवर पनागरकडे त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि काम उरकण्याकडे त्याचा कल असे. संमतिपत्राचा फोटो. खाली सही.

*दीदी, हो गया.*

तिने फोन लावला. “काकाजी मानले?”

“सही आहे न?”

“त्यांनी केली?”

“घरचीच आहे, दीदी. बाबांची सही मला शाळेपासून येते. आपण काहून टेन्शन घेता? लंडनवाले काय खमरियाला येऊन चेक करणार?”

येणार नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं. ड्यूटीरूममध्ये बसून तिने फोटो मोठा करून पाहिला. सही उत्तम होती.

निष्कर्ष

फोटो तिने पुसला. जर्नलला दोन ओळी लिहिल्या: रुग्णाची संमती नाही, लेख मागे घेत आहे. लंडनचा अर्ज शुक्रवारी गेला, लेखाचा रकाना कोरा ठेवून. पुढच्या आठवड्यात लंडनहून कळलं की अपूर्ण अर्ज विचारात घेतला जात नाही.

मर्यादा

महिन्याभराने मुरलीधर तपासणीला आले, विनताकाकूंसोबत. अवंतिकाने छाती तपासली. व्रण छान भरला होता.

“छापलं का ते?” त्यांनी विचारलं.

“नाही, काकाजी. परत घेतलं.”

“म्हणजे दुसऱ्या कोणाचं छापलं?”

“असेल.”

विनताकाकू मधे पडल्या. “अक्षत म्हणून राहिला होता, तुझं बाहेर जायचं होतं त्याच्यावर. खरं का?”

अक्षतला हे कळलं कुठून, ते अवंतिकाने विचारलं नाही. हॉस्पिटलात कोणालाही विचारलं तरी कळण्यासारखं होतं. “हो,” ती म्हणाली.

“गेलं ते?”

“हो.”

मुरलीधर शर्टाची बटणं लावता लावता थांबले. विनताकाकूंचा आवाज चढला. “मग तेव्हाच सांगायचं न, बाई! आमच्या घरी बसून पोहे खाल्ले आणि एक शब्द नाही बोलली! तू यांचं दिल हातात धरलं. तू नुसतं म्हटलं असतं, तर यांनी डोळे मिटून सही केली असती.”

“म्हणूनच नाही म्हटलं, काकू.”

बाहेर कंपाउंडरने पुढच्या पेशंटला हाक मारली. मुरलीधरांनी गळ्यापाशी राहिलेलं बटण लावलं, पिशवी उचलली आणि बायकोकडे वळून म्हणाले,

“डोळे मिटून मी कशावरच सही करत नाही. हिला काहीबाही सांगू नको.”